कानाचा स्पेअर पार्ट मिळत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चंद्रपुरात एका मित्राच्या घरी कवितांची छोटी बैठक होती. गडचिरोलीकडचा एक तरुण कवी वाचत होता. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या आईवरची कविता होती. दुपारी सोडलेल्या शिदोरीतल्या घासापाशी त्याचे कडवे संपले आणि मी भर बैठकीत दाद दिली, 'वाह! काय घात आहे!' सगळे हसले. तो पोरगाही हसला. मला वाटले, आपण काहीतरी मार्मिक बोललो. परतताना मित्राने स्कूटर बाजूला घेतली आणि हळूच म्हणाला, 'भाईजान, तो घास म्हणाला. घात नाही.'

कवीला घास आणि घात यांतला फरक ऐकू येऊ नये, यापरता घात कोणता? पुढच्याच आठवड्यात नागपूरला जाऊन कान तपासून घेतले. एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, एकेक बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. कागदावर उमटलेली माझ्या कानाची रेघ सुरुवातीला बरी चालली होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात उतरली होती. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, मोठ्या आवाजाने झिजलेला कान असाच दिसतो. स, श, फ, थ ही व्यंजने वरच्या पट्टीतली आणि मुळातच नाजूक. स्वर ऐकू येतो, व्यंजन निसटते. 'काम काय करता?' त्यांनी विचारले. म्हटले, कारकुनी. 'मग एवढा गोंगाट आणला कुठून?'

उत्तर माझ्या पिशवीतच होते. तीस वर्षे कानाला लावलेला इअरफोन.

मी हेडफोन सोडले नाहीत. गाण्यावाचून राहणे मला जमणारे नाही. मात्र या साधनांकडे बघण्याची नजर बदलली. पूर्वी विचारायचो, कोणता जास्त जोरात वाजतो? आता विचारतो, कोणत्यावर कमीत कमी आवाजात जास्तीत जास्त ऐकू येते? याच कसोटीवर घासून माझे आवडते हेडफोन आणि ॲम्प्लिफायर आज तुमच्यासमोर ठेवतो. रेडिओच्या भाषणात कंपन्यांची नावे घेण्याचा रिवाज नाही. छापताना संपादकांनी मुभा दिली म्हणून घेतो. माझे कुणाशी लागेबांधे नाहीत.

अब्बांचा ट्रान्झिस्टर

अब्बा कोळसा खाणीत ड्रिल चालवत. पाळी संपवून आले की अंगणात बाज टाकायची आणि उशाशी ट्रान्झिस्टर ठेवायचा, हा त्यांचा नेम. रेडिओ सिलोन, विविध भारती, नागपूर केंद्र. मला गाण्याचा नाद लागला तो त्या बाजेच्या पायथ्याशी. वर्षे गेली तसे ट्रान्झिस्टरचे बटण थोडे थोडे पुढे सरकत गेले. ते निवृत्त झाले तोवर आमच्याकडे संध्याकाळच्या बातम्या लागल्या की शेजाऱ्यांना वेगळा रेडिओ लावावा लागत नसे.

त्यावर उपाय म्हणून २००२ च्या सुमारास मी त्यांना एक हेडफोन आणून दिला. अब्बा खूश झाले, अम्मी त्याहून खूश झाली. मीही मोठे उपकार केल्यासारखा मिरवलो. अब्बा बटण शेवटपर्यंत फिरवून ऐकत. शेजारी बसलेल्याला त्यांच्या कानातले गाणे स्पष्ट कळे. दोन-तीन वर्षांत त्यांना गाण्यातले शब्द लागेनासे झाले, नुसता ठेका कळे. खाणीने किती नेले आणि माझ्या हेडफोनने किती, हा हिशेब आता लागायचा नाही. कान मंद होत चाललेल्या माणसाला श्रवणयंत्र लागते. ते ज्या पट्टीत ऐकू येत नाही तेवढीच पट्टी उचलते आणि फार मोठा आवाज आला तर त्याला आवर घालते. हेडफोन सगळेच वाढवतो. जो कान शाबूत असतो त्यालाही तो मारतो. हे मला कुणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे मी विचारलेही नव्हते.

म्हणून आधी कानाबद्दल दोन शब्द. आतल्या शंखासारख्या भागात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एकेका कानात सुमारे पंधरा हजार. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला खबर देतात. उंच सुरांच्या पेशी शंखाच्या अगदी दाराशी असतात आणि मोठ्या आवाजाने सहसा त्याच आधी झिजतात. गेलेली पेशी परत येत नाही. गोल बाजारातले माझे एक रेडिओ मेकॅनिक मित्र म्हणतात, 'सगळ्याचा स्पेअर पार्ट आणून देईन, कानाचा मिळत नाही.'

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलच्या आत हवा, मुलांसाठी ७५. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला जेमतेम ५ तास, तेही अख्ख्या आठवड्याचे मिळून. मी एसटीत बसून रोजच हा कोटा संपवत असणार.

चार हेडफोन, चार ऋतू

हेडफोनचे तंत्र शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते तिथल्या नौदलाला विकले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी दोन कानांना वेगवेगळा आवाज देणारा स्टिरिओ हेडफोन आणला. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि गाणे घराबाहेर पडले. साधारण हेडफोनच्या आत चुंबक, तारेची बारीक गुंडाळी आणि पातळ पडदा असतो. गुंडाळीतून वीज गेली की पडदा थरथरतो, तोच आवाज.

माझ्याकडचा सर्वांत जुना सोबती म्हणजे कॉसचा पोर्टा प्रो. १९८४ पासून हे मॉडेल जवळपास त्याच रूपात मिळते. कानावर टेकणारा स्पंज, पत्र्याची पातळ कमान, घडी करून खिशात जाणारा. वजन जाणवत नाही, कानाला घाम येत नाही. साधा फोन याला सहज वाजवतो. आवाज भरदार, खालचा सूर जरा जास्तच गोड. दोष एकच, बाहेरचे सगळे आत येते. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत अहेरीला जाणाऱ्या एसटीत मी वर्षानुवर्षे असलेच उघडे हेडफोन लावून बसलो. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, त्यावर मात करायला गाणे वाढवत न्यायचे. माझ्या कानातला खड्डा बहुधा याच रस्त्यावर पडला. आता पोर्टा प्रो घरच्या अंगणातच वापरतो.

दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एम-५० एक्स. हा बंद पाठीचा, कान पूर्ण झाकणारा. आतले बाहेर जात नाही, बाहेरचे बरेचसे आत येत नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना याच्यासारखा दुसरा नाही. पण एप्रिल-मेमध्ये आमच्या चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हा दहा मिनिटेही सोसवत नाही. घामाने गादीच्या नकली चामड्याचे पापुद्रे निघतात आणि कानाला काळी पूड लागते. गाद्या बदलून मिळतात, हे त्यातल्या त्यात बरे.

तिसरा, माझा सर्वांत लाडका, झेनहायझरचा एचडी ६५०. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिला. २००३ पासूनचे हे मॉडेल. याची पाठ जाळीची, उघडी. असा उघडा हेडफोन बाजारात पहिल्यांदा आणला तो याच कंपनीने, १९६८ मध्ये. पाठ उघडी असल्यामुळे आवाज कोंडत नाही, गाणे समोरच्या खोलीतून येत असल्यासारखे वाटते. माणसाचा गळा ऐकावा तर याच्यावर. बेगम अख्तर यांचा आवाज उंचावर जाताना जिथे चटकन तुटतो ती जागा, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीतली खरखर आणि त्या खरखरीमागचा निर्मळ षड्ज, हे सगळे अगदी हळू आवाजातही वेगवेगळे ऐकू येते. पण याला शांतता लागते. म्हणून हा हिवाळ्याचा. डिसेंबरच्या रात्री पंखा बंद, कूलर गच्चीवर झाकून ठेवलेला, अशा वेळी मी हा काढतो.

चौथा, कानात घालायचा बिनतारी इअरफोन, बाहेरचा गोंगाट पुसणारा. याची कल्पना अमेरिकेतले बंगाली वंशाचे अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात बसले असताना सुचली, आणि त्यांच्या कंपनीचा सर्वसामान्य प्रवाशांसाठीचा असा हेडफोन २००० मध्ये बाजारात आला. बाहेरचा आवाज बारीक माइक टिपतो आणि यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करते. उंचवटा आणि खळगा एकमेकांना भेटले की पाणी सपाट, तसे. एकसारख्या, खालच्या सुरातल्या घरघरीवर हे छान चालते. म्हणजे एसटीचे इंजिन आणि आमचा उन्हाळ्यातला कूलर. हॉर्न, कंडक्टरची घंटी, पोराचे रडणे यांच्यापुढे त्याची फारशी मात्रा चालत नाही. गाण्याच्या गोडीत हा एचडी ६५० च्या पासंगाला पुरत नाही. तरीही माझ्या कानाचे सर्वांत जास्त रक्षण यानेच केले, कारण गोंगाट कमी झाला की गाणे वाढवावे लागत नाही. पूर्वी एसटीत फोनच्या आवाजाची पट्टी शेवटाला टेकलेली असे, आता ती निम्म्यावर थांबते. बिनतारीला परवडत नसेल त्यांनी रबरी बोंडांचा साधा तारेचा इअरफोन कानाच्या मापाचे बोंड निवडून घालावा. तोही बाहेरचे बरेच अडवतो, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

ॲम्प्लिफायर कशासाठी?

ॲम्प्लिफायर म्हटले की आपल्याला लग्नाच्या मांडवातला किंवा झाडीपट्टीच्या नाटकातला तो जाडजूड डबा आठवतो. हेडफोनचा ॲम्प्लिफायर हा त्याचा तळहाताएवढा धाकटा भाऊ. तो हवाच का, हे दोन आकड्यांवरून ठरते. एक, हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे इंपीडन्स, जो ओहममध्ये मोजतात. दुसरा, दिलेल्या विजेत तो किती आवाज काढतो, म्हणजे त्याची संवेदनशीलता.

कंपन्यांनी दिलेले आकडे घेऊन उदाहरण बघू. एम-५० एक्स ३८ ओहमचा. त्याला ०.२ व्होल्ट दिले की जवळपास ९९ डेसिबल आवाज निघतो. एचडी ६५० हा ३०० ओहमचा. तेवढ्याच व्होल्टला तो ८९ डेसिबलपर्यंत जातो. म्हणून फोनला एचडी ६५० लावला की तो मंद वाजतो आणि लोक म्हणतात, याला ॲम्प्लिफायर लागतो. पण थांबा. मी सरासरी ७० डेसिबलच्या आसपास ऐकतो. तबल्याची थाप त्याच्या वर २० डेसिबल उसळली तरी ९० होते. त्याला ०.२ व्होल्टहून किंचित जास्त पुरतात, आणि तेवढे बहुतेक फोन किंवा फोनला लावायचा छोटा अडॅप्टर देतो. २०१६ मध्ये आयफोनने हेडफोनचे भोक काढून टाकले, मग इतरांनीही काढले, तेव्हापासून हा वीतभर तारेचा अडॅप्टर आला. त्याच्या टोकाच्या चिमुकल्या डबीत ॲम्प्लिफायर असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बिनतारी इअरफोनच्या तर पोटातच तो असतो. त्याला बाहेरून दुसरा जोडण्याचा प्रश्नच येत नाही.

माझ्याकडे दोन ॲम्प्लिफायर आहेत. पहिला त्या मेकॅनिक मित्रांनी साबणाच्या डबीत बसवून दिला. चू मॉय नावाच्या अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने अशा सोप्या ॲम्प्लिफायरची रचना जगाला दिली, आणि लोक तो पेपरमिंटच्या डबीत बसवू लागले. एक आयसी, चार-दोन रेझिस्टर आणि नऊ व्होल्टचे सेल. दुसरा विकतचा, ओ-टू नावाचा. त्याची रचना २०११ मध्ये एका टोपणनावाच्या अभियंत्याने सर्वांसाठी खुली केली आणि वर्षभरात तो माणूस गप्प झाला. हा विजेवरही चालतो आणि आतल्या दोन सेलवरही. आमच्याकडे वीज गेली तरी मैफल मोडत नाही, हा त्याचा गुण मला सर्वांत प्यारा.

एका रात्री मित्रांनी माझी परीक्षा घेतली. मला पाठमोरे बसवले, मीटर लावून आवाज अगदी सारखा केला आणि एचडी ६५० ची तार कधी ओ-टूला, कधी अडॅप्टरला जोडली. मी छातीठोक उत्तरे दिली. निम्मी चुकली. हेडफोन बदलला की मात्र पहिल्या सुरात ओळखत होतो. त्यावरून मी एवढे शिकलो, पैसा आधी हेडफोनवर घालावा. तो पसंत पडला, आणि तरी हळू ध्वनिमुद्रित केलेली जुनी गाणी किंवा आलाप ऐकताना फोनची पट्टी शेवटाला टेकत असेल, तरच ॲम्प्लिफायर घ्यावा.

आवाज सारखा करून घेणे फार महत्त्वाचे. दोनपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. कमी आवाजात खालचे सूर कानाला कमी ऐकू येतात, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. दुकानात ऐकताना तेवढी एक गोष्ट सांभाळा.

आणखी दोन सूचना. जुन्या डेकच्या किंवा मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हेडफोनच्या भोकात पुष्कळदा शंभराहून जास्त ओहमचा अडथळा आतच बसवलेला असतो. तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाच्या आत असावा, असा ढोबळ नियम. नाहीतर कमी ओहमच्या हेडफोनचा सूर बदलतो, ठेका सैल पडू शकतो. दुसरे, कानात घालायचा नाजूक इअरफोन ताकदीच्या ॲम्प्लिफायरला लावला तर सूं सूं असा आवाज येतो. आणि काहीही जोडण्याआधी बटण शून्यावर आणा. एकदा विसरलो होतो. त्या रात्री कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली.

जंगलाच्या वाटेवर

घरात आणि प्रवासात काय वापरावे ते सांगितले. तिसरी जागा आमच्या दोन जिल्ह्यांची खास आहे, जंगलाची वाट. मोह वेचायला, शेतावर, सायकलने शाळेत जाणारी पोरे हल्ली दोन्ही कानांत इअरफोन घालून जाताना दिसतात. वाघ उठला की वानर खाकरते, चितळ ओरडते. आपल्या बापजाद्यांनी ही खबर कानांनीच घेतली. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर तर आता सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही धावतात. गोंगाट पुसणारे यंत्र ही खबरही पुसू शकते. तेव्हा वाटेवर कान मोकळे ठेवा. गाणे घरी पोचल्यावर ऐका, ते कुठे जात नाही.

माझा कान आहे तिथेच थांबला आहे, असे यंदाच्या तपासणीत दिसले. बाई म्हणाल्या, यंत्र लागेल तेव्हा लाजू नका. मी लाजणार नाही. अब्बांच्या वेळी विचारले नाही ते आता माझ्यासाठी विचारून घेतो.

त्या तरुण कवीला मी सगळी हकिकत सांगितली. त्याने ती कविता फोनवर बोलून पाठवली. एका थंडीच्या रात्री दार लावून, एचडी ६५० चढवून, बटण खालच्या घरात ठेवून ऐकली. कडव्याच्या शेवटी तो 'घास' म्हणाला. 'स' मला ऐकू आला. शब्द आधीच ठाऊक होता म्हणून आला की खरोखर आला, हे सांगता येत नाही. म्हणून मी त्याला नवी कविता मागितली आहे, जी मी कागदावर वाचलेली नाही.

तोवर एक विनंती करून रजा घेतो. हे भाषण तुम्ही ज्या रेडिओवर ऐकत असाल त्याचे बटण एक घर खाली आणा. शब्द तरीही लागत असतील तर ते तिथेच राहू द्या. लागत नसतील तर आवाज वाढवू नका, कान तपासून घ्या.